पश्चिम आफ्रिकेला पहिल्यांदा जाताय? घाना की सेनेगल

केनिया-टांझानियाची सफारी करून आलेली माणसं आता आपल्याकडे बरीच भेटतात. पश्चिम आफ्रिकेला निघालेला माणूस मात्र अजून विरळाच, आणि तो बहुतेक वेळा घाना की सेनेगल या प्रश्नापाशी अडतो. दोन्हींकडे समुद्र आहे, दोन्हींकडे पाहुण्याची मनापासून विचारपूस करणारी माणसं आहेत. फोटो बघून ठरवायला बसलात तर ठरणारच नाही. माझ्या मते दोनच गोष्टी आधी बघाव्यात: सुट्टी कुठल्या महिन्यात आहे आणि फ्रेंच कितपत येतं.

मे महिन्याची सुट्टी असेल तर सेनेगल. घानाच्या दक्षिणेत, म्हणजे राजधानी अक्रा, केप कोस्ट, कुमासी या सगळ्या पट्ट्यात, एप्रिल ते जून पावसाचा मोठा मोसम असतो आणि जोराची सर आली की अक्राचे सखल भाग तुंबतात. त्याच काळात सेनेगल कोरडा असतो. राजधानी डाकार समुद्रात घुसलेल्या भूशिरावर असल्याने वाऱ्यामुळे हवा सुसह्य राहते. देशाच्या आतल्या भागात, तांबाकुंडाकडे, मात्र पारा चाळिशीपार जातो, तेव्हा मे महिन्यात किनारा सोडू नका. सेनेगलचा पाऊस जुलै ते ऑक्टोबर असा एकदाच येतो. घानाच्या दक्षिणेत सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पावसाचा दुसरा, हलका फेरा होतो. म्हणून दिवाळी नोव्हेंबरात येत असेल तर दोन्ही देश चालतील.

नाताळच्या सुट्टीत पुन्हा सेनेगल. डिसेंबरात अमेरिका-युरोपातले घानाई वंशाचे लोक मोठ्या संख्येने अक्राला येतात. 2019 साली घाना सरकारने परदेशातल्या आफ्रिकी वंशाच्या लोकांसाठी ‘परतीचं वर्ष’ साजरं केल्यापासून ही गर्दी आणखी वाढली आहे, आणि हॉटेलांचे दर त्या मानाने चढतात. शिवाय सहारातून येणारा हरमॅटन वारा तेव्हा सुरू होतो. आभाळ धुळीने पांढुरकं होतं, ओठ फुटतात, दम्याच्या माणसाला त्रास होतो. सेनेगलच्या उत्तरेला मात्र त्याच दिवसांत जुज अभयारण्यात पेलिकन आणि रोहित पक्ष्यांचे थवे उतरलेले असतात. पक्षी बघणाऱ्या माणसाने दुसरा विचारच करू नये. घानात हत्ती बघायचे असतील तर जानेवारी ते मार्च हे दिवस मोले राष्ट्रीय उद्यानासाठी चांगले, कारण पाणी आटलं की जनावरं पाणवठ्यावर येतात.

आता भाषा. घानात सरकारी कामकाज, शाळा, पाट्या सगळं इंग्रजीत. बाजारात लोक आपसात ट्वी किंवा गा बोलतात, पण तुमच्याशी इंग्रजीत बोलतील. सेनेगलमध्ये फ्रेंच आणि त्याहून जास्त वोलोफ. डाकारच्या मोठ्या हॉटेलात इंग्रजीवर निभावतं, पण सालूमच्या खाडीत होडीवाल्याशी भाव ठरवताना नाही. तुमच्यात एकाला जरी मोडकंतोडकं फ्रेंच येत असेल तर सेनेगलचा प्रवास सुखाचा होईल. कुणालाच येत नसेल आणि गाइडही घ्यायचा नसेल, तर घानालाच जा. दोन्हीकडे एक गोष्ट सारखी: काम सांगण्याआधी नमस्कार-चमत्कार झालेच पाहिजेत. सेनेगलमध्ये ‘सलाम अलेकुम’ म्हणून घरच्यांची खुशाली विचारल्याशिवाय टॅक्सीचा भावसुद्धा विचारायचा नसतो. आणि पैसे, वस्तू, काहीही डाव्या हाताने देऊ नका.

प्रवासाची साधनं हा फरकाचा मोठा मुद्दा. घानातला ट्रोट्रो म्हणजे आपल्या सातारा-कोल्हापूरकडचं वडापच, फक्त गाडी मिनीबसची: भरल्याशिवाय हलायचं नाही. दारात लोंबकळणारा पोऱ्या, त्याला तिथे मेट म्हणतात, ‘सर्क-सर्क-सर्क’ असं ओरडत असतो. ते म्हणजे अक्रातला क्वामे एन्क्रुमा सर्कल हा मोठा चौक. रस्त्याकडेला उभ्या माणसाने बोट खाली करून हवेत गोल फिरवलं की सर्कलला जाणारा ट्रोट्रो थांबतो. शहरात हे जरूर करून बघा. लांबच्या पल्ल्याला मात्र एसटीसी किंवा व्हीआयपी या कंपन्यांची बस घ्या. अक्राहून कुमासी साधारण 250 किलोमीटर, केप कोस्ट 150. मोलेसाठी उत्तरेला तामालेपर्यंत विमान घेतलेलं बरं, कारण रस्त्याने अख्खा दिवस जातो. रात्रीचा रस्ता दोन्ही देशांत टाळा. ट्रक बिनदिव्याचे उभे असतात.

सेनेगलमध्ये जुन्या प्यूजो गाड्यांचे ‘सेत-प्लास’ असतात, म्हणजे सात उतारूंची शेअर टॅक्सी. डाकारबाहेर पिकिनच्या स्टँडवरून त्या सुटतात. जो आधी येईल त्याला पुढची जागा. शेवटच्या रांगेत गुडघे छातीशी येतात, तेव्हा पाठदुखी असलेल्यांनी पुढच्या गाडीची वाट बघावी किंवा सरळ दोन सिटांचे पैसे भरावेत. भाडं ठरलेलं असतं, पण सामानाचे पैसे वेगळे आणि त्यावर घासाघीस करायची असते. अंतरं घानापेक्षा आटोपशीर वाटतात: उत्तरेचं सेंट-लुई शहर डाकारहून 270 किलोमीटरच्या आसपास. दक्षिणेचा कासामान्स हा हिरवागार भाग मात्र मध्ये गांबिया देश घुसल्यामुळे तुटलेला आहे. तिकडे डाकारहून रात्रभराच्या बोटीने जाणं सगळ्यात छान. तिथे जुन्या संघर्षातले भूसुरुंग काही ठिकाणी शिल्लक आहेत, म्हणून आडवाटेला शिरू नका. घानाच्या उत्तरेला बुर्किना फासोची हद्द आणि सेनेगलच्या पूर्वेला मालीची हद्द, या दोन्हींच्या जवळ फिरकायचं नाही.

शाकाहारी असाल तर माझं झुकतं माप घानाला. ‘रेड-रेड’ म्हणजे लाल पामतेलातली चवळीची उसळ आणि सोबत तळलेली पिकी केळी. ‘केलेवेले’ म्हणजे आलं-मिरची लावून तळलेले केळ्याचे तुकडे. ‘वाचे’ म्हणजे चवळी घालून शिजवलेला तांबूस भात. फसगत होते ती चटणीत. ‘शितो’ ही काळसर मिरचीची चटणी दिसायला निरुपद्रवी, पण तिच्यात सुकी मासळी आणि सुकट असते. उसळीतही कधीकधी मासा पडतो, तेव्हा ‘नो फिश, नो मीट, नो शितो’ असं तिन्ही सांगायचं. सेनेगलचं राष्ट्रीय जेवण चेबुजेन म्हणजे माशाच्या रश्श्यात शिजवलेला भात. 2021 साली युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत त्याचं नाव आलं. मासे खाणाऱ्या कोकणी माणसाला तिथे पर्वणीच आहे. शाकाहाऱ्याला सकाळी पावात भरलेली चवळीची उसळ, ‘न्दांबे’, मिळते. दुपारी मात्र ‘सां व्यांद, सां प्वासों’ (मांस नको, मासा नको) असं सांगूनही ताटात माशाचा रस्सा येऊ शकतो. रमजानमध्ये छोट्या गावांत दिवसा खानावळी बंद असतात, आणि तिथे ताबास्की म्हणतात त्या बकरी ईदच्या आधी गाड्या मिळेनाशा होतात. तारखा बघूनच तिकीट काढा. लाल अंबाडीचं सरबत दोन्हीकडे मिळतं, उकळलेल्या पाण्याचं आहे का ते विचारून प्या.

गुलामांच्या व्यापाराचा इतिहास बघायला जात असाल तर घाना. एलमिनाचा किल्ला पोर्तुगीजांनी 1482 मध्ये बांधायला घेतला. तिथल्या आणि केप कोस्टच्या तळघरांत उभं राहिलं की पुस्तकातलं वाचन अपुरं वाटतं. घाईने उरकू नका, गाइडचं बोलणं पूर्ण ऐका. डाकारसमोरचं गोरे बेट बोटीने वीसेक मिनिटांवर, फार देखणं आणि शांत, पण तिथलं गुलामघर त्या मानाने लहान आहे. पोहायचं असेल तर सेनेगलचं एन्गोर बेट बरं. घानाच्या किनाऱ्यावर पाण्याची ओढ जबर असते.

पैशांचं थोडक्यात. सेनेगलचा सीएफए फ्रँक युरोशी बांधलेला आहे, 1 युरोला 655.957, त्यामुळे हिशेब आधीच मांडता येतो, युरो न्या. घानाचा सेडी चढउतार करतो, तेव्हा डॉलर न्या आणि लागेल तसे बदला. आपला दोन गोल पिनांचा चार्जर सेनेगलमध्ये चालतो, घानासाठी चौकोनी पिनांचा ॲडॉप्टर ठेवा. घानात लष्करी छापाचे कपडे घालणं बेकायदा आहे, मुलांच्या पँटीसुद्धा तपासून घ्या.

मुंबईहून थेट विमान दोन्हीकडे नाही. अदिस अबाबा, दुबई किंवा इस्तंबूलमार्गे जावं लागतं. व्हिसाचे नियम बदलत राहतात, म्हणून तिकिटाआधी दिल्लीतल्या दूतावासाकडून खात्री करा. पीतज्वराची लस मात्र कुठलाही देश निवडा, टाळता येत नाही. घाना उतरल्यावर सगळ्यांकडेच पिवळं कार्ड, म्हणजे या लसीचं प्रमाणपत्र, मागतो. सेनेगल फक्त धोक्याच्या देशांतून येणाऱ्यांकडे मागतो, पण दोन्ही देशांतून परतताना भारतात ते दाखवावंच लागतं, नाहीतर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. प्रमाणपत्र लस घेतल्यापासून दहा दिवसांनी लागू होतं आणि मग आयुष्यभर चालतं. लस फक्त सरकारमान्य केंद्रांवर मिळते आणि तिथे आधी नंबर लावावा लागतो, तेव्हा तारखा ठरल्या की हे काम पहिलं करा. त्याच आठवड्यात डॉक्टरांना भेटून मलेरियाच्या प्रतिबंधक गोळ्याही लिहून घ्या. काही गोळ्या निघण्याआधीच सुरू कराव्या लागतात आणि परत आल्यावरही ठरलेले दिवस घ्याव्या लागतात.