बोट वेळेवर, उत्तर उशिरा: स्कॉटलंडची फेरी सेवा आणि तिचा जाब विचारण्याच्या वाटा

2025 च्या उन्हाळ्यात ट्रूनच्या धक्क्यावरून अ‍ॅरन बेटावर जाणाऱ्या ‘ग्लेन सॅनॉक्स’ या बोटीवर मी पहिल्यांदा चढलो. गेली नऊ वर्षे मी स्कॉटलंडच्या पश्चिमेला क्लाइडच्या काठी राहतो, आणि त्यातली बहुतेक वर्षे ही बोट मी केवळ वर्तमानपत्रांत आणि संसदेच्या कामकाजात पाहिली होती. प्रत्यक्षात ती चांगली निघाली, हे आधी सांगून टाकतो. खालच्या डेकवर मोटारी लावून घेणारा खलाशी हाताच्या दोन बोटांनी गाडीला पुढे बोलावत होता आणि दोन गाड्यांमध्ये जेमतेम वीतभर जागा राहिली की तळहात उभा करून थांबवत होता. चाकांच्या खुर्चीतल्या एका वृद्ध गृहस्थांना कर्मचाऱ्यांनी नावाने हाक मारली, लिफ्टपर्यंत सोबत केली आणि पलीकडे उतरताना कोणीही न सांगता पुन्हा त्यांच्याजवळ येऊन उभे राहिले. सव्वा तासाच्या प्रवासानंतर 874 मीटर उंचीचा गोटफेल डोंगर समोर उभा राहिला आणि बोट ब्रॉडिकला वेळेवर लागली. आसने, स्वच्छता, माणसांची वागणूक या सगळ्याला मी पैकीच्या पैकी गुण देईन.

भाड्याबद्दलही तक्रार नाही. तेवढेच अंतर रस्त्याने गाडी चालवून कापायला जो खर्च आला असता, त्याच्या हिशेबाने फेरीचे भाडे ठरवण्याची पद्धत येथे 2008 मध्ये काही मार्गांवर सुरू झाली आणि 2015 पर्यंत क्लाइड व हेब्रिडीज बेटांच्या संपूर्ण जाळ्यावर लागू झाली. बेटावर राहणाऱ्या माणसासाठी समुद्र हा रस्ताच आहे, ही भूमिका सरकारने भाड्याच्या तक्त्यात उतरवली. मला हा निर्णय मनापासून पटतो.

परंतु ही सेवा बाजारातली नाही. बेटावरच्या माणसाला ती नापसंत असेल तर शेजारच्या दुकानात जाण्याची सोय त्याला नाही. दवाखाना, शाळा, गुरांचा चारा, दुकानातला पाव, सगळे याच बोटीने येते. म्हणून अशा सेवेचा अभिप्राय लिहिताना बोट कशी आहे एवढेच सांगून भागत नाही. बोट आली नाही तर जाब कोणाला विचारायचा आणि विचारला तर उत्तर मिळते का, हाही सेवेचाच भाग आहे, आणि या भागाला मी तितके गुण देऊ शकत नाही.

व्यवस्था अशी आहे. 1998 च्या स्कॉटलंड कायद्याने लंडनच्या संसदेने काही अधिकार स्कॉटलंडच्या राजधानीकडे, एडिंबराकडे, सोपवले, 1999 पासून 129 सदस्यांची स्कॉटिश संसद काम करू लागली, आणि बेटांची फेरी सेवा पूर्णपणे एडिंबराच्या अखत्यारीत आली. बोटी चालवते ती कॅलमॅक, आणि तिची मालकी अखेर स्कॉटिश मंत्र्यांकडेच आहे. बोटी आणि अनेक बंदरे ज्या कंपनीच्या नावावर आहेत ती ‘सीमॅल’, तीही मंत्र्यांचीच. कोणते मार्ग चालवायचे, किती पैसा द्यायचा आणि करारात काय लिहायचे हे ठरवणारी ट्रान्सपोर्ट स्कॉटलंड ही सरकारची स्वतःची यंत्रणा. तिन्ही दारांवर मालकाचे नाव एकच आहे. पैसे लंडनने कमी दिले, हा इतर खात्यांत नेहमी ऐकू येणारा आणि काही वेळा खराही असणारा युक्तिवाद येथे फारसा उपयोगी पडत नाही, कारण निर्णय करणारा, काम देणारा आणि काम घेणारा हे सगळे एकाच घरातले आहेत. तरीही बोट रद्द झाली की चालवणारे म्हणतात बोट जुनी आहे, बोटीचे मालक म्हणतात निधी मंजूर व्हायला हवा, आणि निधी देणारे म्हणतात दैनंदिन कामकाज आमच्याकडे नाही. प्रत्येकाचे म्हणणे आपापल्या जागी खरे असते, आणि प्रवासी धक्क्यावरच उभा असतो. जून 2023 मध्ये साउथ यूइस्टच्या लॉकबॉइसडेल बंदरातून मॅलेगला जाणाऱ्या फेऱ्या महिन्याच्या बऱ्याच भागासाठी रद्द झाल्या, तेव्हा बेटावरची शेकडो माणसे आपापल्या गाड्या घेऊन धक्क्यावर जमली. पर्यटनाच्या ऐन हंगामात दुकान आणि घरगुती खानावळ चालवणाऱ्यांनी आपल्या नुकसानीचे आकडे नेमके कोणासमोर ठेवायचे, हा त्यांचा प्रश्न होता.

ज्या बोटीतून मी आनंदाने प्रवास केला तिची कथा तर या व्यवस्थेची पूर्ण परीक्षाच आहे. पोर्ट ग्लासगोच्या फर्ग्युसन गोदीला 2015 मध्ये दोन बोटींचे काम 9 कोटी 70 लाख पौंडांना देण्यात आले आणि दोन्ही 2018 मध्ये मिळणार होत्या. नोव्हेंबर 2017 मध्ये ‘ग्लेन सॅनॉक्स’ पाण्यात उतरवली तेव्हा तिच्या पुढच्या भागावर खिडक्यांच्या जागी खिडक्या रंगवलेल्या होत्या. डिसेंबर 2019 मध्ये गोदी सरकारने ताब्यात घेतली. बोटीची पहिली प्रवासी फेरी झाली ती जानेवारी 2025 मध्ये, आणि दोन्ही बोटींचा एकूण खर्च मूळ रकमेच्या सुमारे चौपटीवर गेला. वाढीव खर्चापेक्षाही मला जास्त लागलेली गोष्ट वेगळी आहे. जहाज बांधणाऱ्याने काम अर्धवट टाकले तर पैसे परत मिळण्याची जी पूर्ण हमी अशा करारांत घेतली जाते, ती येथे मिळत नव्हती. सीमॅलने चिंता व्यक्त केली होती. तरीही मंत्र्यांनी संमती दिली. मार्च 2022 मध्ये महालेखापरीक्षक स्टीफन बॉइल यांच्या अहवालाने स्पष्ट नोंदवले की मंत्र्यांनी ही जोखीम का पत्करली, हे सांगणारा पुरेसा कागदोपत्री पुरावा सापडत नाही. पुढे मे महिन्यात सरकारने 2015 चा एक ई-मेल प्रसिद्ध केला आणि त्यावरून तेव्हाच्या परिवहनमंत्र्यांची संमती होती एवढे कळले. संमती कोणाची, याचे उत्तर सात वर्षांनी मिळाले; का, याचे उत्तर कागदावर नाहीच.

हा रिकामा कागद मी मनात धरून ठेवला, कारण पुढे माझ्या स्वतःच्या एका अगदी लहान तक्रारीत मला नेमका उलट अनुभव आला. मी राहतो त्या भागातून एका बंदराकडे जाणारी बस पूर्वी बोटीच्या वेळेशी जुळत असे. वेळापत्रक बदलले आणि बस बोट सुटण्याच्या चार मिनिटे आधी, म्हणजे प्रवासी घेणे बंद झाल्यावर, पोहोचू लागली. बस चालवणाऱ्यांनी मला एका कार्यालयाकडे पाठवले, त्या कार्यालयाने दुसऱ्याकडे, आणि दुसऱ्याने सौजन्याने पुन्हा बस चालवणाऱ्यांकडे. तेव्हा मी त्यांपैकी एका सार्वजनिक संस्थेकडे माहितीच्या अधिकाराखाली अर्ज केला. येथील माहिती स्वातंत्र्याचा कायदा 2002 चा असून तो 2005 पासून अमलात आहे. अर्ज साध्या ई-मेलने करता येतो, कारण सांगावे लागत नाही, आणि उत्तर 20 कामकाजाच्या दिवसांत द्यावे लागते. विसाव्या दिवशी मला कळवण्यात आले की विनंती पुरेशी स्पष्ट नाही. मी फेरविचाराची मागणी केली. ती 40 कामकाजाच्या दिवसांत करावी लागते, आणि हे बहुतेकांना ठाऊक नसल्यामुळे पहिल्या नकारावरच बरेच लोक थांबतात. फेरविचारात दोन पानांचा पत्रव्यवहार माझ्या हाती आला. बदल मंजूर करताना एका कर्मचाऱ्याने लिहिले होते की बोटीच्या वेळा तपासल्या असून वेळापत्रक सोबत जोडले आहे. जोडलेले वेळापत्रक आदल्या हिवाळ्याचे होते.

एवढीच चूक होती. ती लिहून ठेवलेली असल्यामुळे वाचल्याबरोबर सापडली. ते पान मी माझ्या मतदारसंघाच्या संसद सदस्याच्या कार्यालयाकडे पाठवले आणि पुढच्या वेळापत्रकात बस दहा मिनिटे अलीकडे आली. ज्या कर्मचाऱ्याने ते वाक्य लिहिले त्याच्याबद्दल माझ्या मनात राग नाही. उलट त्याने लिहिले म्हणून काम झाले.

या अनुभवावरून जाब विचारण्याच्या वाटांविषयी माझे मत असे झाले आहे. माहितीचा अर्ज ही सर्वांत भरवशाची वाट आहे, मात्र प्रश्न ‘सेवा का बिघडली’ असा नको; ‘अमुक तारखेला अमुक निर्णय घेताना कोणते कागद समोर होते’ असा हवा. संस्थेने तरीही नकार दिला तर सेंट अँड्र्यूजमधील माहिती आयुक्तांकडे दाद मागता येते. संसद सदस्यांच्या बाबतीत येथील नागरिक सुदैवी आहे: प्रत्येकाला एक मतदारसंघाचा आणि सात प्रादेशिक असे आठ सदस्य असतात आणि आठांपैकी कोणालाही लिहिता येते. सदस्याने सभागृहात लेखी प्रश्न विचारला की उत्तर सरकारच्या नावाने कायमचे नोंदले जाते, म्हणून सहानुभूतीच्या पत्रापेक्षा लेखी प्रश्नाचा आग्रह धरावा. संसदेकडे अर्जविनंती करायला एक सही पुरते, ही फार मोठी गोष्ट आहे. फक्त समितीपुढचा प्रवास लांबचा असतो.

गुरुवारी दुपारी बारा वाजता प्रथम मंत्र्यांना, म्हणजे स्कॉटिश सरकारच्या प्रमुखांना, थेट प्रश्न विचारले जातात आणि ते ऐकायला प्रेक्षक सज्जात विनामूल्य बसता येते. मी दोनदा बसलो आहे. सभागृहातल्या राजदंडावर शहाणपण, न्याय, करुणा आणि सचोटी हे चार शब्द कोरलेले आहेत. फेऱ्यांविषयी प्रश्न आला की आवाज चढतात, खेद व्यक्त होतो, आणि अर्ध्या मिनिटात विषय पुढच्या सदस्याकडे जातो. मे 2021 ते जून 2023 या सुमारे दोन वर्षांत परिवहनमंत्रिपदावर चार व्यक्ती येऊन गेल्या. जुन्या निर्णयाचे उत्तर देणारा माणूस त्या खुर्चीत नसतोच, आणि नव्या माणसाला ‘मी तेव्हा नव्हतो’ असे प्रामाणिकपणे म्हणता येते. अशा वेळी सभागृहातल्या चढ्या आवाजापेक्षा लेखापरीक्षकाचा शांत परिच्छेद मला अधिक मोलाचा वाटतो. त्याची उणीव एकच की तो सगळे घडून गेल्यावर येतो.

जाब विचारल्याने काहीच बदलत नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. एप्रिल 2022 मध्ये स्कॉटरेल ही येथील रेल्वे सेवा सरकारच्या मालकीची झाली. गर्दीच्या वेळचे जादा भाडे ऑक्टोबर 2023 पासून प्रायोगिकरीत्या बंद झाले, आणि सप्टेंबर 2024 मध्ये प्रवासी जेमतेम 6.8 टक्क्यांनी वाढले, खर्च भरून निघायला 10 टक्के हवे होते, असे सांगून ते पुन्हा लागू करण्यात आले. आकडे जाहीर होते म्हणून लोकांना त्या आकड्यांशी वाद घालता आला. रोज कामाला जाणाऱ्यांनी आणि कामगार संघटनांनी तो घातला, आणि 1 सप्टेंबर 2025 पासून जादा भाडे कायमचे गेले. कोणाला हा निर्णय खर्चिक वाटेल, कोणाला योग्य. पण दोघांनाही बोलायला आधार आहे.

फेरीच्या बाबतीत असा आधार अजून पुरेसा नाही. आधीच्या करारात विश्वासार्हतेचे जे मोजमाप होते, त्यात हवामानासारख्या मान्य कारणांनी रद्द झालेल्या फेऱ्या जमेस धरल्या जात नसत. वादळात बोट सोडू नये हे कप्तानाचे म्हणणे शिरसावंद्य आहे, त्यात वादच नाही. पण जुनी बोट ज्या लाटेत थांबते त्या लाटेत नवी बोट गेली असती का, हा प्रश्न अशा मोजमापातून बाहेरच राहतो, आणि कागदावरची टक्केवारी धक्क्यावरच्या माणसाला ओळखीची वाटत नाही. 1 ऑक्टोबर 2025 पासून कॅलमॅकला दहा वर्षांचा नवा करार थेट देण्यात आला आहे. स्पर्धा न घेता काम दिले याला माझी हरकत नाही; सार्वजनिक सेवा सार्वजनिक हातांत राहावी असेच मला वाटते. मात्र स्पर्धेचा धाक नसेल तर त्या जागी नोंदींचा धाक हवा.

म्हणून सेवेला माझे गुण असे: बोट आणि माणसे यांना पाचपैकी पाच, भाड्याला चार, जाब विचारण्याच्या साधनांना चार, आणि त्यातून निघणाऱ्या परिणामाला दोन. दुसरी बोट ‘ग्लेन रोझा’ 2024 च्या एप्रिलमध्ये पाण्यात उतरली, पण 2025 संपेपर्यंत प्रवाशांना मिळाली नव्हती. माझा नवा अर्ज तिच्या खर्चाविषयी नाही. तिच्या मुदतीत बदल करण्याच्या प्रत्येक बैठकीची तारीख, हजर असलेल्यांची पदे आणि त्यांच्यासमोरचे कागद, एवढेच मी मागितले आहे, आणि बैठकीची नोंद ठेवली नसेल तर तसे लेखी कळवावे, अशी एक ओळ शेवटी जोडली आहे.