हाफ कॅब: कात्रीने घडवलेला बूट

स्केटबोर्डिंगचे बहुतेक बूट दुकानात सारखेच दिसतात; त्यांचा कस लागतो तो ग्रिपटेपवर, म्हणजे बोर्डाच्या वरच्या बाजूला चिकटवलेल्या खरखरीत पट्टीवर. व्हॅन्स कंपनीचा हाफ कॅब मला त्या सगळ्यांत उजवा वाटतो, कारण त्याचा आकार तो पायात घालणाऱ्यांनी ठरवला आहे. १९८९ मध्ये या कंपनीने नामवंत स्केटबोर्डर स्टीव्ह कॅबालेरो यांच्या नावाने घोट्याच्या बराच वर जाणारा बूट आणला. त्याच सुमारास रॅम्पवरचे स्केटिंग मागे पडून रस्त्यावरचे, पायऱ्या आणि कठड्यांवरचे स्केटिंग जोर धरत होते. त्यात घोटा मोकळा वळावा लागत असल्याने स्केटबोर्डर या बुटाचा वरचा भाग सरळ कात्रीने कापून टाकत आणि उसवलेली कड चिकटपट्टीने गुंडाळत. १९९२ मध्ये कंपनीने तसा कापलेला बूटच हाफ कॅब म्हणून विक्रीला काढला, आणि तो आजही बनतो.

बुटाची खरी परीक्षा ऑलीत, म्हणजे हात न लावता बोर्डासकट मारलेल्या उडीत होते. मागच्या पायाने बोर्डाची शेपटी जमिनीवर आपटताच पुढचा पाय कडेवर कलून बोर्डाच्या नाकाकडे घासत जातो, त्यामुळे करंगळीलगतची बाजू प्रत्येक उडीला पॉलिश पेपरवर घासावी तशी झिजते. कॅनव्हास इथे लवकर फाटतो. हाफ कॅबच्या बाहेरच्या बाजूला जाड स्वेड, म्हणजे लवदार चामडे आहे, आणि खास स्केटिंगसाठीच्या आवृत्तीत त्याखाली ड्युराकॅप नावाचा रबराचा थर असतो. वरचे स्वेड झिजून आतले रबर डोकावू लागले तरी बोट उघडे पडत नाही. शिवण मात्र त्याआधी उसवते आणि घासणीच्या वाटेवरच्या नाड्या तुटतात, तेव्हा जादा नाड्यांची जोडी जवळ ठेवलेली बरी.

तळ व्हल्कनाइज्ड पद्धतीचा आहे, म्हणजे रबराची पट्टी बुटाभोवती लपेटून तो भट्टीत उष्णतेने पक्का केलेला. असा तळ पातळ आणि लवचीक राहतो, बोर्ड पायाखाली किती कलला आहे हे चवड्याला लगेच जाणवते, आणि तळावरच्या वॉफलसारख्या जाळीदार नक्षीची पकडही उत्तम आहे. याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. उंच पायऱ्यांवरून उडी मारून टाचेवर उतरणाऱ्याला पातळ तळ फारसा वाचवू शकत नाही. अशांनी साच्यात घडवलेला जाड तळ (कपसोल) असलेला बूट घ्यावा, मग बोर्डाची जाणीव थोडी बोथट झाली तरी चालेल. घोट्याभोवतीची गादी, माझ्या मते, या बुटाची सर्वांत मोलाची गोष्ट आहे: बोर्ड उलटून त्याची कड घोट्याच्या हाडावर बसली की होणारी वेदना ज्याने सोसली आहे, त्याला तिचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही.

केवळ चालण्याफिरण्यासाठी हा बूट सुरुवातीला जरा ताठ वाटेल, पण वापराने स्वेड मऊ होते. स्केटिंग करणाऱ्यांनी मात्र साधी आवृत्ती घेऊ नये. ड्युराकॅप तिच्यात नसते, आणि दुकानात दोन्ही जोड्या शेजारीशेजारी ठेवलेल्या असतील तर बाहेरून हा फरक चटकन ओळखू येत नाही, म्हणून विचारूनच घ्यावे.