2800 रुपयांचं पीठ

सोयाबीनचे पैसे हाती आले आणि आठवड्याभरात गावच्या समाजमंदिरात 'मोफत शुगर तपासणी' लागली. पांढरा कोट घातलेल्या माणसानं बाबांच्या बोटाला सुई टोचली, तोंड पाडलं आणि 'रेशी मशरूम पावडर'चा डबा पुढे केला. डब्यावर ठळक अक्षरांत 'पॉलिसॅकराइड 50%', म्हणजे साखरेच्या रेणूंच्या लांब साखळ्या. किंमत 2800, दोन घेतले तर 5000. "काका, हे पचायची भानगडच नाही. पोटात गेलं की थेट रक्तात, शंभर टक्के!" बाबांनी दोन घेतले, वर गोळ्याही अर्ध्यावर आणल्या. मी शाळेत विज्ञान शिकवतो; त्या दिवशी घरी पेपर तपासत बसलो होतो.

तीन आठवड्यांनी उपाशीपोटीची शुगर 140 ची 210 झाली. गोळ्या कमी केल्याचा त्यात हात असेलच. पण मायनं चिमूटभर पावडर जिभेवर ठेवली अन् म्हणाली, "हे तं जवारीचं पीठ लागून राह्यलं!" खरी रेशी कडूजहर असते.

मग शाळेतलं आयोडीन आणलं. चमचाभर पावडर पाण्यात उकळली, थंड केली, दोन थेंब टाकले. वाटी काळीनिळी, म्हणजे आत स्टार्च, धान्यातलं पिष्ट. शेजारच्या वाटीत धिंगरी मशरूमचं उकळलेलं पाणी होतं, ते निळं झालं नाही. मशरूम म्हणजे बुरशी, आणि बुरशी स्टार्च साठवत नाही, ग्लायकोजेन साठवते.

गंमत अशी की लेबल खोटंही म्हणता येत नाही. स्टार्च हेही पॉलिसॅकराइडच! बुरशी धान्यावर वाढवायची आणि धान्यासकट दळायची, की आकडा फुगतो. मशरूममधलं कामाचं म्हणतात ते बीटा-ग्लुकान, तेही पॉलिसॅकराइडच. त्यातले बंध तोडणारं एन्झाइमच माणसाकडे नाही. ते बरंचसं तसंच मोठ्या आतड्यात जातं, तिथले जीवाणू त्यातलं काही आंबवतात. शिताके मशरूममधलं लेंटिनान हे असंच एक बीटा-ग्लुकान; जपानात कॅन्सरच्या उपचारात ते शिरेतून देत असत, ते उगाच नाही. उलट स्टार्च लाळेपासूनच फुटायला लागतो आणि त्याचं ग्लुकोज रक्तात उतरतं. म्हणजे थेट रक्तात गेलं ते पीठच. तेवढं मात्र तो खरं बोलला.

त्याचा फोन आता बंद लागतो. बाबांच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून पुन्हा पूर्ण सुरू केल्या. बाबा अजून म्हणतात, "एखादा डबा खराब निंगाला असंन." दुसरा फोडून दाखवला, तोही काळानिळा. शेजारच्या काकूंनी तीन घेतलेत. आज संध्याकाळी ड्रॉपर घेऊन तिकडे जातोय.