जमवायला चोख, देताना हात आखडता : गोव्यातून पारखलेली एनपीएस

राष्ट्रीय पेन्शन योजनेला, म्हणजे एनपीएसला, एकच गुण देता येत नाही. पैसे जमवण्याच्या काळासाठी दहापैकी नऊ द्यावेत आणि साठीनंतर ते परत मिळण्याच्या काळासाठी फार तर पाच. 1 मे 2009 पासून ही योजना सर्वांना खुली आहे. तरीही पणजी-मडगावच्या बँकांत ती अजून 'कर वाचवायचे खाते' म्हणूनच विकली जाते. तेवढ्यासाठी ती घेऊ नका. नव्या कररचनेत स्वतःच्या वर्गणीवर वजावट मिळतही नाही. मिळते ती मालकाने भरलेल्या भागावर, मूळ पगाराच्या 14 टक्क्यांपर्यंत. कंपनी हा भाग भरायला तयार असेल तर तो सोडू नका.

नऊ गुण कशाचे? निधी सांभाळण्याचा खर्च शंभर रुपयांमागे वर्षाला काही पैसे इतकाच येतो. वीस-पंचवीस वर्षांच्या मुदतीत ही बचत मोठी होते. टियर 1, म्हणजे निवृत्तीचे मुख्य खाते, चालू ठेवायला वर्षाला ₹1,000 पुरतात. पैसे बँकेतून थेट भरायला डी-रेमिटची सोय घ्या. आपल्या प्रान, म्हणजे एनपीएस खात्याच्या, क्रमांकावरून एक आभासी खाते क्रमांक मिळतो, तो नेटबँकिंगमध्ये लाभार्थी म्हणून जोडायचा आणि दरमहा स्थायी सूचना लावायची. रक्कम सकाळी 9.30 च्या आत ट्रस्टी बँकेत पोचली तर त्याच दिवसाच्या एनएव्हीने, म्हणजे युनिटच्या भावाने, युनिट मिळतात. चूक होते ती क्रमांकाची. टियर 1 आणि टियर 2 (ऐच्छिक बचतीचे जोडखाते) यांचे आभासी क्रमांक वेगळे असतात. वर्षभर भलत्याच क्रमांकावर पैसे गेले, तर निवृत्तीच्या खात्यात काहीच पडत नाही.

दुसरी चूक अर्ज भरतानाच होते. 'ऑटो, मॉडरेट' या चौकोनात खूण केली की शेअरमधला वाटा 35 व्या वर्षापर्यंत 50 टक्के राहतो आणि मग दरवर्षी 2 टक्क्यांनी उतरत 55 व्या वर्षी 10 टक्क्यांवर येतो. म्हणजे पंचेचाळिशीत खाते उघडणाऱ्याचा शेअरमधला वाटा पहिल्याच दिवशी फक्त 30 टक्के. साठी अजून पंधरा वर्षे लांब असताना हे प्रमाण कमीच आहे. अशांनी 'ॲक्टिव्ह' निवडून वाटा स्वतः ठरवावा. तो वर्षातून चार वेळा बदलता येतो, फंड मॅनेजर एकदा.

आता कमी पडलेले गुण. साठीला सगळी रक्कम हातात येत नाही, काही भागाची ॲन्युइटी, म्हणजे विमा कंपनीकडून विकत घ्यायची आजन्म पेन्शन, घ्यावीच लागते. सरकारी कर्मचाऱ्यांना ही सक्ती 40 टक्क्यांची आहे. बाकीच्यांसाठी डिसेंबर 2025 च्या दुरुस्तीने ती 20 टक्क्यांवर आणली आणि ₹8 लाखांपर्यंतचा निधी पूर्ण काढायची मुभा दिली. हा बदल खरोखर स्वागतार्ह आहे. पण दुरुस्ती झाली तेव्हा आयकर कायद्यातली करमाफी 60 टक्क्यांपुरतीच होती. म्हणून 60 च्या वरचा भाग उचलण्याआधी त्या वर्षीची तरतूद पाहा.

ॲन्युइटीची मूळ अडचण अशी की आज ठरलेला आकडा पंधरा वर्षांनीही तोच राहतो. ₹50 लाखांचा निधी धरा. 20 टक्के म्हणजे ₹10 लाख, आणि दर 6.5 टक्के मानला तर महिन्याला साधारण ₹5,400. नारळ, मासळी, औषधे महागत जातात, हे ₹5,400 मात्र हलत नाहीत, आणि त्यांच्यावर करही लागतो. ॲन्युइटी सक्तीइतकीच घ्या. ती घेताना जोडीदाराच्या हयातीपर्यंत चालणारा पर्याय निवडा, कारण फक्त स्वतःच्या हयातीचा पर्याय घेतला तर मागे राहणाऱ्याच्या हाती काहीच येत नाही. करमुक्त रकमेतला भागही एकदम काढायची गरज नाही, तो दरमहा किंवा दर तिमाहीला थोडाथोडा घेता येतो.

हाती आलेली रक्कम ठेवायला पोस्टातली ज्येष्ठ नागरिक बचत योजना सरस आहे. कितीतरी तिमाह्या तिचा दर 8.2 टक्क्यांवर आहे, मर्यादा माणशी ₹30 लाख, मुदत पाच वर्षे. पूर्ण ₹30 लाखांवर दर तिमाहीला ₹61,500, म्हणजे वर्षाला ₹2,46,000 व्याज मिळते. पहिल्या वर्षाच्या आत खाते बंद केले तर दिलेले व्याज परत कापून घेतात.

इथेच गोमंतकीयांना एक सोय आहे, जी पुण्या-मुंबईच्या लेखांत सापडत नाही. पोर्तुगीज नागरी संहितेखाली सामायिक मालमत्तेच्या पद्धतीने लग्न झाले असेल, तर पगार सोडून बाकीचे उत्पन्न नवरा-बायकोत निम्मे-निम्मे मोजले जाते. 1961 च्या आयकर कायद्यातले कलम 5 ए ते हेच. खाते एकाच्याच नावावर असले तरी वरचे व्याज प्रत्येकी ₹1,23,000 धरायचे. एकाचेच उत्पन्न नव्या कररचनेतल्या ₹12 लाखांच्या रिबेट-मर्यादेपलीकडे, म्हणजे करमाफीपलीकडे, जात असेल, तर हा फरक चांगलाच जाणवतो. मात्र विवरणपत्र 'सहज' म्हणजे आयटीआर-1 चालत नाही. आयटीआर-2 किंवा 3 मधले शेड्यूल 5 ए भरून जोडीदाराचा पॅन द्यावा लागतो, आणि कापलेला टीडीएसही त्याच प्रमाणात विभागावा लागतो. उत्पन्न वाटले पण टीडीएस एकाच्याच नावावर ठेवला, की परताव्याचा हिशेब जुळत नाही. लग्नापूर्वी मालमत्ता विभक्त ठेवण्याचा करार केला असेल तर मात्र ही वाटणी लागू होत नाही.

पीपीएफबद्दल थोडक्यात: 7.1 टक्के, वर्षाला ₹1.5 लाखांपर्यंत, पंधरा वर्षे. पैसे महिन्याच्या 5 तारखेच्या आत भरा, नाहीतर त्या महिन्याचे व्याज हुकते. अटल पेन्शन योजना 18 ते 40 वयातल्या, आयकर न भरणाऱ्यांसाठी आहे. दरमहा ₹5,000 च्या पेन्शनसाठी अठराव्या वर्षी महिन्याला ₹210 पुरतात, चाळिसाव्या वर्षी ₹1,454 लागतात. राज्य सरकारची दयानंद सामाजिक सुरक्षा योजना हा आधार आहे, पण निवृत्तीचे नियोजन तिच्या भरवशावर करू नये.

कळंगुट-कांदोळीच्या हॉटेलांत हंगामी काम करणाऱ्यांनी ईपीएफकडे, म्हणजे नोकरीतल्या भविष्य निर्वाह निधीकडे, नीट पाहावे. त्याला जोडलेल्या पेन्शन योजनेतून पेन्शन मिळायला दहा वर्षांची सेवा लागते. हिशेब सोपा आहे: सरासरी पगार, जास्तीत जास्त ₹15,000, गुणिले सेवेची वर्षे, भागिले 70. चौदा वर्षांचे महिन्याला ₹3,000 होतात. पावसाळ्यात हॉटेल बंद झाले की पुष्कळजण फॉर्म 10 सी भरून पेन्शनचे पैसे काढून घेतात आणि तिथेच मागची वर्षे पुसली जातात. त्याच फॉर्मवर 'स्कीम सर्टिफिकेट'चा पर्याय असतो. तो घेतला तर सेवा पुढच्या नोकरीत जोडली जाते.

तारवट्यांसाठी, म्हणजे जहाजांवर काम करणाऱ्यांसाठी, आणि आखातात असलेल्यांसाठी निवड आपोआप आखूड होते. अनिवासी भारतीयाला नवे पीपीएफ उघडता येत नाही, जुने मुदतीपर्यंतच चालते, ज्येष्ठ नागरिक योजना बंद. एनपीएसचे टियर 1 मात्र खुले आहे, टियर 2 नाही. पोर्तुगीज पासपोर्ट घेतलेल्यांनी ओसीआय (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मूळ भारतीयांचे) कार्ड करून ठेवावे, कारण ते असेल तर एनपीएसचा मार्ग मोकळा राहतो.

शेवटची अडचण नावाची. जन्मदाखल्यावर पोर्तुगीज वळणाचे स्पेलिंग, आधारवर आताचे, बँकेत तिसरेच, हे आपल्याकडे घरोघरी आहे. नाईक, कामत, शेट यांची किती रूपे सरकारी कागदांवर सापडतात! एनपीएसमधून पैसे काढताना बँक खात्यात नाममात्र रक्कम पाठवून खातेदाराचे नाव पडताळतात, आणि ते प्रानवरच्या नावाशी जुळले नाही तर अर्ज अडतो. साठीच्या निदान सहा महिने आधी पॅन, आधार, प्रान आणि पासबुक शेजारीशेजारी ठेवून एकेक अक्षर ताडून पाहा. दुरुस्ती लागली तर आधी आधार, मग पॅन, मग बँक, आणि प्रान सर्वांत शेवटी. नॉमिनीचे नावही त्याच बैठकीत तपासा. लग्नाआधी उघडलेल्या खात्यांवर अजून आई-वडिलांचीच नावे असतात.