बेसबॉलचा बॉल घेतला, चार महिने वापरून सांगतोय

नवी पेठेतल्या एका स्पोर्ट्सच्या दुकानातनं मागवला, यायला तीन आठवडे लागले आणि बॉक्स चेपलेला, पण बॉल एक नंबर. पांढरं लेदर, लाल दोरा, आत घट्ट गुंडाळलेलं सूत, आपल्या सीझन बॉलपेक्षा जरा हलका. टाके मोजले मी, 108 दुहेरी टाके, आजीच्या जपमाळेत पण तेवढेच मणी, आणि आमची शिकागो कब्ज, अमेरिकेतली बेसबॉल टीम, 2016 ला वर्ल्ड सिरीज म्हणजे तिथली फायनल जिंकली ती पण 108 वर्षांनी, मोजताना अंगावर काटा आला बघा. त्या फायनलची सातवी, शेवटची मॅच मी इथं पहाटे साडेपाचपासून बघितलेली, 6-6 बरोबरी आणि वरनं पाऊस, 17 मिनिटं खेळ बंद, मी नुसता सिद्धेश्वराला साकडं घालत बसलेलो, मग दहाव्या इनिंगला 8-7! लई रडलो. आई चहा घेऊन आली, काही न बोलता शेजारी बसली.

आता मॅच असली की बॉल हातात, अंगठा टाक्यांवरनं फिरत राहतो, टीम हरली तरी मन थाऱ्यावर राहतं. फक्त सिमेंटवर खेळू नका, लेदर खरवडतं. साडेचार स्टार, अर्धा बॉक्सपायी कापला.