एक लाख आठ हजार सातशे पन्नास: पॅकेजवाल्या प्रकाशकाने कसं गंडवलं

आकडा आधी सांगते, लपवून आता काय उपयोग. 1,08,750 रुपये. पुस्तक काढून द्यायच्या पॅकेजचे 55,000, त्यावर 18 टक्के जीएसटी म्हणून 9,900. ‘पुरस्कार नामांकन’ 7,500. साताऱ्याच्या साहित्य संमेलनात पुस्तक मांडायचे 18,000. माझ्याच पुस्तकाच्या 100 प्रती, प्रत्येकी 165 प्रमाणे 16,500, आणि वर त्यांचं कुरिअर 1,850. बेरीज करून बघा, जुळते. बाकी काहीच जुळलं नाही.

कंपनीचं नाव लिहीत नाही, वकिलांनी तशी सक्त ताकीद दिलीय. नावाची गरजही नाही म्हणा. फेसबुकवर ‘तीस दिवसांत लेखक बना, 100 टक्के रॉयल्टी’ म्हणणारे सगळे एकाच माळेचे मणी.

‘एवढं कसं कळलं नाही’ म्हणणाऱ्यांनी जरा दम धरावा. मी सांगलीत डीटीपी आणि मुद्रितशोधन करते. फॉर्म (16 पानांचा छपाईचा ताव), जीएसएम (कागदाचं वजन), प्लेट, बाइंडिंग यांत मला कुणी फसवू शकत नाही, आणि त्या बाजूने ते आलेच नाहीत. ते आले ॲमेझॉन, ‘डिजिटल प्रेझेन्स’, ‘जागतिक वितरण’ या बाजूने. नव्या लेखकाची आज काय गत आहे तेही ठाऊक असेलच. नावाजलेला प्रकाशक हस्तलिखित ठेवून घेतो आणि वर्षभर हूं की चूं करत नाही. दुसरा म्हणतो, तीनशे प्रती तुम्हीच उचला. अशात कुणीतरी गोड आवाजात ‘मॅडम, तुमचं ओव्यांचं संकलन फार मोलाचं आहे’ म्हणतो. मोलाचं! त्याने एक ओवी वाचली नव्हती.

आता पॅकेजची फोड. त्यांच्याच बिलावरची.

आयएसबीएन, 4,000. हा पुस्तकाचा ओळख क्रमांक, भारतात फुकट मिळतो. दिल्लीच्या राजा राममोहन राय राष्ट्रीय एजन्सीकडे ऑनलाइन अर्ज करायचा. लेखक स्वतःच प्रकाशक असेल तरीही चालतं. एक रुपया लागत नाही. छापील पुस्तकाला वेगळा, ई-पुस्तकाला वेगळा. काही न बदलता पुनर्मुद्रण केलं तर नवा लागत नाही. बरं, चार हजार घेऊन नंबर तरी खरा द्यावा? तेरा आकडे असतात. पहिल्याला एकने गुणायचं, दुसऱ्याला तीनने, तिसऱ्याला एकने, असं शेवटपर्यंत, आणि बेरीज करायची. बेरजेच्या शेवटी शून्य आलं पाहिजे. माझ्या पुस्तकावरच्या नंबराची बेरीज आली 123. म्हणजे बसून ठोकून दिलेला नंबर.

कॉपीराइट नोंदणी, 6,000. सरकारी फी 500 रुपये. तीही ऐच्छिक, कारण 1957 च्या कायद्यानुसार लिहिल्याक्षणी हक्क तुमचाच असतो. मला त्यांनी काय पाठवलं? डायरी नंबरचा स्क्रीनशॉट. डायरी नंबर म्हणजे अर्ज पोचल्याची पावती, प्रमाणपत्र नव्हे. हरकतींसाठीचे 30 दिवस त्यानंतर सुरू होतात.

ई-पुस्तक, 8,000. किंडलवर केडीपीमधून, म्हणजे ॲमेझॉनच्या स्वतः प्रकाशित करायच्या सेवेतून, पुस्तक चढवायला पैसे पडत नाहीत. मराठी चालतं. खातं मात्र स्वतःच्या नावाने, स्वतःच्या पॅनवर आणि बँक खात्यावर उघडा. भारतातल्या विक्रीवर 70 टक्के रॉयल्टी हवी तर केडीपी सिलेक्टमध्ये नाव घालावं लागतं, म्हणजे तेवढा काळ ते ई-पुस्तक दुसरीकडे विकता येत नाही. नाही घातलं तर 35 टक्के. यांनी खातं स्वतःच्या नावाने उघडलं, त्यामुळे आत काय विकलं गेलं ते मला दिसतच नाही. शिवाय माझी फाइल श्री-लिपीतली, म्हणजे जुन्या पद्धतीच्या मराठी फॉन्टमधली होती. ती युनिकोडमध्ये आणली की कुणीतरी डोळ्यांत तेल घालून वाचावी लागते, कारण रफार आणि जोडाक्षरं हमखास तुटतात. यांनी कुणाला वाचायलाच दिली नाही. ‘दुसऱ्या’चं सगळीकडे ‘दुसर्या’ झालंय, ‘ॲ’च्या जागी चौकोन. मुद्रितशोधकाच्या पुस्तकात! ओळखीचे लोक फोन करून चुका सांगतात, तेव्हा कुठे तोंड लपवावं कळत नाही.

मुखपृष्ठ आणि मांडणी 10,000, यावर बोलत नाही. मांडणी मीच करून दिली होती.

जागतिक वितरण, 12,000. संकेतस्थळावर नोंद करणं म्हणजे वितरण नव्हे, एवढं पक्कं लक्षात ठेवा. नोंद फुकट होते. वितरण म्हणजे कुणीतरी प्रती उचलून दुकानात नेऊन ठेवणं. माझं पुस्तक बहुतेक वेळ ‘उपलब्ध नाही’ दाखवत होतं. छापील किंमत 250, आणि मधेच कुणीतरी 499 ला लावलं होतं.

उरले 15,000, सोशल मीडिया प्रचाराचे. पाच रील आणि एका रात्रीत आलेली ढीगभर परीक्षणं. सगळी ‘नाइस बुक’ छापाची. ओव्यांच्या पुस्तकाला ‘थ्रिलिंग’ म्हणणारंही एक होतं. ॲमेझॉनला विकतची परीक्षणं चालत नाहीत, ती काढून टाकली जातात. गेलीच ती.

आता ती 100 टक्के रॉयल्टी. कागद-पेन्सिल घ्या. किंमत 250. त्यातून वितरकाचे 55 टक्के, म्हणजे 137.50 गेले. राहिले 112.50. त्यातून ‘छपाई खर्च’ 108. उरले साडेचार रुपये, आणि त्या साडेचाराचे 100 टक्के माझे! करारात ‘निव्वळ नफ्यावर’ असे दोन शब्द असतात, तिथे बोट ठेवा. खात्यात 500 जमल्याशिवाय पैसे सोडत नाहीत, म्हणजे 112 प्रती विकल्या जाईपर्यंत शून्य. पहिल्या तिमाहीचा अहवाल आला: विक्री 3 प्रती, 13 रुपये 50 पैसे. मिरज, तासगाव, कराडच्या माझ्या माणसांनी विकत घेतलेल्या 11 प्रतींच्या ऑर्डरचे स्क्रीनशॉट माझ्याकडे आहेत. विचारलं तर म्हणे ‘सिस्टीम अपडेट व्हायला वेळ लागतो’.

आणि 108 मध्ये छापून मला 165 ला विकली, तेही माझंच पुस्तक. नंतर सांगलीतल्याच छापखान्याचं कोटेशन घेतलं. डेमी आकार, 160 पानं म्हणजे 10 फॉर्म, 70 जीएसएम नॅचरल शेड, 300 जीएसएमचं चाररंगी कव्हर मॅट लॅमिनेशनसह, 500 प्रती: 38,500. प्रतीला 77 पडतात.

कागदातही हात मारलाय. करारात 70 जीएसएम. प्रत हातात घेतल्याबरोबर हलकी लागली, म्हणून काट्यावर ठेवली. साडेपाच बाय साडेआठ इंचांचं 160 पानी पुस्तक 70 च्या कागदावर कव्हर धरून 190 ग्रॅमच्या आसपास भरतं. हे भरलं 160. म्हणजे आतला कागद 58 च्या घरातला. स्वयंपाकघरातल्या काट्यावर कुणालाही बघता येईल. कागदाचा ग्रेनही (तंतूंची दिशा) आडवा घातलाय, त्यामुळे पुस्तक मिटत नाही, पानं ताठ उभी राहतात, आणि जरा ताणून उघडलं की पाठीचा गोंद तडकतो.

जिथे थांबायला हवं होतं ती जागा मात्र याच्या कितीतरी आधीची आहे. प्रूफची पीडीएफ आली तेव्हा पान 43 वर ‘कि’ ऱ्हस्व पडला होता, तो मी पकडला. पान 112 वरची तळटीप सरकली होती, तीही. आणि पान 4, कॉपीराइटचं पान, तिथे मी फक्त माझ्या नावातली वेलांटी बघितली. त्याच पानावर काय छापलं होतं? ‘सर्व हक्क प्रकाशकाधीन.’ माझं नाव फक्त ‘संकलन’ म्हणून. मुद्रकाचं नाव नाही, गाव नाही. पूर्वी 1867 च्या कायद्याने प्रत्येक पुस्तकावर मुद्रकाचं नाव-गाव छापावंच लागे. 2023 चा नवा कायदा नियतकालिकांपुरता आहे, पुस्तकं त्यातून सुटली. पण नीट प्रकाशक आजही छापतो. न छापणाऱ्याला काय झाकायचंय हे विचारायला नको होतं का? दुसऱ्याच्या पुस्तकात हे पान मी आधी वाचते. स्वतःचं पुस्तक असलं की माणूस ओव्याच वाचत बसतो, कुणीही बसला असता. ‘आज रात्री ओके द्या, नाहीतर स्लॉट जाईल’ असा फोन होता तो वेगळाच. स्लॉट वगैरे काही नसतं. घाई करणाऱ्याला सरळ सांगा, गेला तर जाऊ दे.

करारातही तेच. हक्क दहा वर्षं, सर्व भाषा, ध्वनिपुस्तकासकट. कायदा काय म्हणतो: हक्क देण्याचा करार लेखी आणि सहीचा हवा, मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. म्हणजे कोरी जागा तुमच्या फायद्याची, भरलेली त्यांच्या. ‘विनाअनन्य’ (म्हणजे तेच हक्क दुसऱ्यालाही देता येतील असं) लिहून घ्या, मुदत दोन-तीन वर्षं, आणि मांडणीची मूळ फाइल व मुखपृष्ठाची फाइल तुम्हाला मिळेल हे कलम घाला. छापायचे पैसे तुम्ही देताय तर हक्क त्यांना कशासाठी?

संमेलनाचे 18,000 सगळ्यात जास्त झोंबतात. 99 वं अखिल भारतीय संमेलन 1 ते 4 जानेवारी 2026, साताऱ्यात, आपल्या दारात. ‘आमच्या गाळ्यात तुमचं पुस्तक दर्शनी.’ तिथे जाऊन बघितलं तर यांचा गाळाच नाही! फोनवर आधी ‘मॅडम, शेवटच्या रांगेत बघा’, मग फोन बंद. पैसे भरायच्या आधी गाळा क्रमांक आणि आयोजकांची पावती मागायची. चार लेखकांनी मिळून एक गाळा घेतला तर प्रत्येकाच्या वाट्याला किती रुपये येतात, तेही विचारून बघा. यांनी भिलारच्या पुस्तकांच्या गावात पुस्तक ठेवायचे 5,000 वेगळे मागितले होते, ते तेवढे वाचले. तो राज्य मराठी विकास संस्थेचा उपक्रम, तिथली कपाटं कुठला एजंट विकणार? पुरस्काराचंही तसंच. पुस्तक पाठवायचे पैसे घेऊन ‘नामांकन’ विकतात तो पुरस्कार नव्हे. पहिलं पुस्तक असेल तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे, तिथे उलट मंडळ पैसे देतं.

आता आपल्या व्यवस्थेकडे वळू. पोलीस ठाण्यात गेले. “ताई, पुस्तक हातात आलंय न्हवं? मग फसवणूक कशाची? दिवाणी मामला हाय.” खोटा नंबर विकणं, नसलेल्या गाळ्याचे पैसे घेणं हे दिवाणी? भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम 318 मग कशाला लिहिलंय? सायबरवाले म्हणतात, तुम्ही स्वतःहून पैसे पाठवले, लगेच 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन करायला हवा होता. पैसे पाठवताना फसवणूक झालीय हे कळलं असतं तर पाठवले असते का? बँकेचं उत्तर, व्यवहार ग्राहकाच्या संमतीने झालाय. जीएसटीची कथा तर और. बिलावरचा नंबर 07 ने सुरू होतो, म्हणजे दिल्लीचा (आपला 27 ने होतो). जीएसटी पोर्टलवर टाकून बघितला तर नोंदणी रद्द! म्हणजे 9,900 रुपये कर म्हणून घेतले आणि खिशात घातले. हे सरकारचेच पैसे चोरीला गेलेत ना? एक कार्यालय म्हणतं केंद्राकडे जा, दुसरं म्हणतं ही राज्याची बाब, तिसरं म्हणतं दिल्लीला लिहा. सरकारला स्वतःच्या 9,900 चं काही वाटत नाही, तिथे माझ्या लाखाला कोण विचारतो. एका साहित्य संस्थेच्या पदाधिकाऱ्यांकडेही गेले. चहा दिला, म्हणाले, ‘हल्ली असं फार चालतं’. चालतं हे माहीत आहे, तर तुमच्या नव्या लेखकांच्या मेळाव्यात अर्धा तास त्यावर का बोलत नाही? कविसंमेलनाला वेळ असतो.

पोलिसांनी घेतलं नाही तर तक्रार लेखी द्या, पोच घ्या, मग पोलीस अधीक्षकांना पोस्टाने पाठवा, त्यानंतर न्यायदंडाधिकारी. तो रस्ता लांबचा आहे. त्यापेक्षा ग्राहक आयोग बरा. 2019 च्या कायद्यामुळे तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, करारात ‘न्यायक्षेत्र दिल्ली’ किंवा लवाद लिहिला असला तरी. पाच लाखांपर्यंत फी नाही. मुदत दोन वर्षं. ‘पुस्तक विकायला काढलं म्हणजे व्यापारी हेतू, तुम्ही ग्राहकच नाही’ असा बचाव ते घेणार, त्याची तयारी ठेवा. जाहिरातीचे स्क्रीनशॉट, प्रत्येक यूपीआय व्यवहाराचा 12 आकडी क्रमांक, व्हॉट्सॲप चॅट पूर्ण एक्स्पोर्ट केलेलं, बिल, करार, पुस्तकाची एक प्रत, हे सगळं जपून ठेवा. आवाजी फोन झाला की लगेच ‘आत्ता आपलं असं बोलणं झालं’ असा मेल टाकत जा. मी टाकले नव्हते, त्यामुळे गाळ्याचं आश्वासन फक्त एका व्हॉइस नोटवर आहे. ती जपून ठेवलीय.

आधी करार रद्द केल्याची नोटीस वकिलामार्फत पाठवली, स्पीड पोस्टाने, बिलावरच्या पत्त्यावर. ‘या पत्त्यावर आढळले नाहीत’ असा शेरा पडून पाकीट परत आलं. तुमचं असं आलं तर फोडू नका. शेऱ्यासकट, बंद स्थितीत तक्रारीला जोडायचं असतं.