सबसॉयलर भाड्याने घेतला, मागून ताग पेरला, त्याचा रिव्ह्यू

खोडवा (तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून फुटलेलं पीक) मोडल्यावर रान रिकामं होतं म्हणून उन्हाळ्यात गावातल्याच एकाचा सबसॉयलर (माती न पलटता खालचा कडक थर फोडणारं, ट्रॅक्टरमागचं खोल फाळाचं अवजार) मारून घेतला, भाडं तासावर, डिझेल त्यातच. काम मस्त झालं, बिनधास्त घ्या, पण नुसतं यंत्र मारून भागत नाही म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आमचं रान कृष्णाकाठचं, काळं. दरवर्षी नांगर त्याच खोलीवर आणि तोडणीला ओल्या रानात भरलेल्या ट्रॉल्या, त्यामुळे फूटभर खाली कडक थर झालेला. खड्डा काढून बघितलं तर तिथली माती आडव्या पापुद्र्यांनी सुटत होती आणि उसाची मुळं त्या थरावर येऊन आडवी वळलेली. दाब पडला की आधी मोठी छिद्रं मिटतात, आणि पाणी झटकन खाली उतरतं, हवा खेळते ती त्यांच्यातूनच, बारीक छिद्रं राहतात पण त्यातलं पाणी लवकर हलत नाही, म्हणून पाऊस पडला की वर नुसता चिखल.

ड्रायव्हरला फुल मार्क. आधी खड्ड्यात हात घालून खालची ओल बघितली, मगच फाळ घातला. खाली ओल असेल तर माती तडकत नाही, नुसती चीर पडते आणि तिच्या कडा लिंपल्यासारख्या गुळगुळीत होतात, पैसे पाण्यात. दीड-दोन फूट खोल घेतला, उभा आणि आडवा. छोट्या ट्रॅक्टरला हे ओढवत नाही.

आता मुख्य गोष्ट. काळी माती पावसात फुगते, त्यात यंत्राने पाडलेल्या भेगा परत मिटायला लागतात. म्हणून पहिल्या पावसावर लगेच ताग (हिरवळीच्या खताचं पीक) टाकला, एकरी 20-25 किलो, आणि दीडेक महिन्यात फुलोऱ्यावर आल्यावर गाडला. वरचा पाला गाडला जातो पण खाली भेगेत उतरलेलं सोटमूळ जागेवरच कुजतं आणि त्याची नळी राहते. पुढे हरभऱ्यात परत खणलं तेव्हा तागाच्या तपकिरी भोकातून हरभऱ्याचं पांढरं मूळ सरळ खाली गेलेलं दिसलं, फार बरं वाटलं. पाणथळ किंवा खारवट रान असेल तर तागाऐवजी धैंचा (तेही हिरवळीचंच पीक) घ्या.

ट्रॉली मात्र परत आत घालू नका, बांधाकडेच भरा. रुंद टायरने वरची माती वाचते, खोलवरचा दाब एक्सलवरच्या वजनाचा असतो.

आणि पाइपलाइन कुठून गेलीय त्याच्या खुणा आधीच करून ठेवा, फाळ पाइपापर्यंत सहज पोचतो.